चार वाजून सहा मिनिटांचा अभ्यास

(जयंतीच्या आदल्या रविवारी वडाळ्याला झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून.)



मला इथं कविता म्हणायला बोलावलं होतं. कविता खिशात आहे, पण आज ती काढत नाही. आज एका अभ्यासक्रमावर बोलायचंय. हसू नका. मी मॅट्रिक, तेही दुसऱ्या झटक्यात. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत गोणी आणि ड्रम ओढतो. आणि पदव्युत्तर शिक्षणावर भाषण ठोकायला उभा राहिलोय. पण ऐका.

माझी धाकटी बहीण भूगोल घेऊन बी.ए. झाली. आता तिला आपत्तीचं एम.ए. करायचंय. आपत्ती, जोखीम आणि तिसरा एक इंग्रजी शब्द, रेझिलियन्स. त्या तिसऱ्या शब्दाचा समाचार मी नंतर घेणार आहे. अशी काही पदवी असते हेच मला माहीत नव्हतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याचा आख्खा विभाग आहे. लांब कशाला, आपल्या देवनारला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आपत्तीच्या अभ्यासाचं वेगळं स्कूल आहे. ज्या देवनारला या शहरानं १९२७ पासून आपला कचरा आणून ओतला, त्याच देवनारला.

आई म्हणाली, "आपत्तीचं शिकायला कॉलेज कशाला गं? घरात काय कमी पडलीय?"

सगळे हसलो. मीही बहिणीला म्हणालो, बाई गं, क्लार्कची परीक्षा दे, नोकरी पक्की होईल. तिथं मी चुकलो. कसा चुकलो ते सांगायलाच आज उभा आहे.

१४ एप्रिल म्हटलं की तुम्ही म्हणाल जयंती. बरोबर. पण आमच्या घरात त्या दिवशी मेणबत्त्या लागतात दोन. एक सकाळी, बाबासाहेबांच्या फोटोपुढं. दुसरी दुपारी चारच्या सुमाराला आजी खिडकीत लावते. खाली गल्लीत ढोल चालू असतात, पोरं निळ्या गुलालात नाचत असतात, आणि म्हातारी खिडकीत वाऱ्याला पाठ देऊन ती मेणबत्ती हातानं झाकत बसते. तिचा बाप १९४४ च्या १४ एप्रिलला गोदीत कामाला गेला तो आलाच नाही. आजी तेव्हा दीड-दोन वर्षांची. बापाचा चेहरा तिला आठवत नाही. वेळ मात्र तिला तिच्या आईनं सांगून ठेवलेली.

आता त्या दिवसाबद्दल बोलतो, कारण इथल्या कितीतरी पोरांचे आजे-पणजे गोदीत राबले आणि पोरांना याचा पत्ता नाही.

लढाई चालू होती. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकला लागलं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि दारूगोळा. सोन्याच्या विटा. शिवाय कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, भंगार, तेलाची पिंपं, माशांचं खत. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात! आमच्या टोळीतला सगळ्यात अडाणी गडीसुद्धा असा माल लावणार नाही. स्फोटकांचं जहाज असलं की तांबडं निशाण चढवायचं असतं. ते चढवलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीवरून परतलेल्या कामगारांनी दोन नंबरच्या हॅचमधून धूर पाहिला. दोनच्या सुमाराला. पुढचे दोन तास पाणी मारणं चाललं, आणि जहाज जागच्या जागी बुडवायचं की बाहेर न्यायचं यावर साहेबांचं काही ठरेना. दोन तास, मित्रांनो. दोन तासांत आख्खी गोदी चालत भायखळ्याला पोचली असती. पळा, असं कुणी सांगितलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची रेघ उमटली.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीला देशभर १४ एप्रिल पाळतात. त्यांना सलाम. त्यांची यादी आहे. पण एकूण माणसं किती मेली? एका पुस्तकात आठशे, दुसऱ्यात तेराशे. सोन्याची एक वीट मैलभर उडून एका घराचं छप्पर फोडून आत पडली, घरमालकानं ती परत केली. बाकीच्या विटा गाळ उपसून काढल्या, मोजल्या, पुढं कितीतरी वर्षं शोधत राहिले. आणि माणसांचा हिशेब आठशे ते तेराशे. मधे पाचशेचा फरक. आजीचा बाप त्या पाचशेत आहे.

कारण त्या काळी गोदीतला रोजंदार कुठल्याच कागदावर पक्का नव्हता. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला १९४८ साली. तोवर सकाळी फाटकावर मुकादमानं बोट दाखवलं तो आत. आजीच्या आईनं किती उंबरे झिजवले. सगळीकडं एकच सवाल, तुझा माणूस आत होता याला पुरावा काय? पुरावा जळून गेलेला. हे सगळं आजी सांगते तेव्हा रागानं सांगत नाही, रेशनची रांग लांब होती असं सांगावं तसं सांगते. राग मला येतो.

आता गंमत बघा. बहिणीनं अर्ज भरताना या विषयाचा इतिहास काढला आणि रात्री मला उठवून वाचून दाखवला. आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास सुरू कुठून झाला, तर एका गोदीतून! कॅनडात हॅलिफॅक्स नावाचं बंदर आहे. १९१७ च्या ६ डिसेंबरला सकाळी तिथं माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजाला धडकलं. दारूगोळ्यानं ठासून भरलेलं, डेकवर बेंझॉलची पिंपं, आणि निशाण? याही जहाजानं चढवलं नव्हतं. शत्रूला कळेल म्हणून. आग बघायला लोक खिडक्यांशी गोळा झाले आणि नऊ वाजून गेल्यावर जहाज उडालं. सतराशेच्या वर माणसं मेली, काचा डोळ्यांत घुसून कितीतरी आंधळी झाली. तिथल्या चर्चमधला एक पाद्री, सॅम्युअल हेन्री प्रिन्स, त्यानं यावर प्रबंध लिहिला. १९२० साली. तोच या शास्त्रातला पहिला प्रबंध मानतात. आणि तो कुठल्या विद्यापीठात दिला? कोलंबिया. न्यूयॉर्क. जिथून बाबासाहेब चारच वर्षं आधी, १९१६ साली, लंडनला निघाले होते.

मी अंथरुणात उठून बसलो. म्हटलं, वाच पुढं.

पुढं असं की हॅलिफॅक्सच्या खाडीपलीकडं मिकमॅक आदिवासींची वस्ती होती, ती लाटेत धुऊन गेली. बंदराच्या एका टोकाला आफ्रिकव्हिल नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. तिथंही नुकसान झालं. शहरात नवी घरं बांधली, रस्ते केले, पण आफ्रिकव्हिलला त्या मदतीतलं फारसं काही पोचलं नाही. पुढं १९६० नंतर ती आख्खी वस्तीच शहरानं बुलडोझर लावून उठवली. म्हणजे देश दुसरा, समुद्र दुसरा, आणि वस्ती आपलीच.

या शास्त्रात एक साधा हिशेब शिकवतात. धोका वेगळा आणि आपत्ती वेगळी. पाऊस पडणं, जमीन हलणं, ठिणगी पडणं, हा धोका. तो कुणावर पडतो, तो माणूस कुठं राहतो, त्याच्याकडं काय आहे, त्याचं ऐकतं कोण, यावरून ठरतं आपत्ती किती ते. १९७६ साली ओ'कीफ, वेस्टगेट आणि विस्नर या तिघांनी 'नेचर'सारख्या बड्या मासिकात उघड लिहिलं, की नैसर्गिक आपत्तीतलं 'नैसर्गिक' काढून टाका. त्यांचा शब्द व्हल्नरॅबिलिटी. मराठीत कुणी भेद्यता लिहितं, कुणी असुरक्षितता. आपल्याकडं याला जुना शब्द आहे, गावकुसाबाहेर. गावानं आपल्याला ओढ्याच्या अंगाला, खालच्या बाजूला बसवलं तेव्हा नकाशा त्यांनीच काढला होता. पूर फक्त त्या नकाशावरून चालत येतो.

किल्लारी घ्या. १९९३, ३० सप्टेंबर, पहाटे चारला थोडा वेळ कमी. आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. भूकंपानं मारलं म्हणतात. मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. पाल्याच्या हलक्या झोपडीत झोपलेला माणूस त्या रात्री वाचायची शक्यता जास्त होती. म्हणजे गरीब वाचला? थांबा. घाई करू नका. नवी गावं बसवताना सरकारनं घरं वाटली ती कशी? जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतला, त्याला अडीचशे चौरस फूट. मधल्याला चारशे. सात हेक्टरच्या वरच्याला साडेसातशे. भूकंपाआधी जी उतरंड मातीत होती ती भूकंपानंतर सिमेंटमध्ये ओतली. आणि भूमिहीन कोण, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

२००४ ची त्सुनामी तशीच. तमिळनाडूत नागपट्टिणमला नाव-जाळ्यावाल्याची नुकसानभरपाई लवकर ठरली. त्याच्याकडं मासळी वाहणारा, मिठागरात, शेतात राबणारा दलित, त्याचं काय बुडालं? त्याची मजुरी बुडाली. मजुरी कुणाला दिसत नाही. छावणीत जात आड आली, पाण्याच्या टाकीवर आड आली. आणि मढी उचलायला मात्र आपल्याच सफाई कामगारांना बोलावलं. हे सगळं अहवालांत छापलेलं आहे, माझ्या मनचं नाही. अहवाल लिहिले कुणी? ज्यांना लिहायला येत होतं त्यांनी. मुद्दा तोच आहे.

आता कायदा. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याचं ६१ वं कलम म्हणतं, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेद करायचा नाही. या खोलीत हे कलम कुणाला माहीत होतं? हात वर करा. ... बघा. मलाही नव्हतं. आपण मोर्चे काढले, पत्रकं काढली, आणि हत्यार कपाटात पडून. भेद झाला हे सिद्ध करायचं तर मोजायला लागतं. कुणाच्या दारात पाणी किती चढलं, टँकर कुठं थांबला, पंचनाम्यात कुणाची झोपडी लिहिली, कुणाची गाळली. मोजायचं शिक्षण असतं. ते हेच.

काय काय शिकवतात म्हणून मी विचारलं. नकाशे, कुठं किती पाणी चढेल ते. साथीचे रोग. कायदा. मदतीचा माल कुठून कुठं कसा न्यायचा, म्हणजे माझंच काम, फक्त कागदावर. मग वस्तीत जाऊन राहायचं आणि प्रबंध लिहायचा. एक गोष्ट तिनं मला चांगली समजावली. शंभर वर्षांचा पूर म्हणतात ना, तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही. आणि बिल्डर तुम्हाला सांगतो, शंभर वर्षं बिनघोर राहा!

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध नाही असं समजू नका. १९४३ साली बंगालात दामोदर नदीला मोठा पूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य, पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडं. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून पूर, वीज, शेतीचं पाणी यांचा एकत्र विचार करणारी दामोदर योजना त्यांच्या खात्यानं उभी केली. महामंडळ १९४८ ला झालं. पुढं त्या धरणांनी संथाळांची गावं बुडवली, तेही आपण लिहायला पाहिजे, लपवायचं कारण नाही. पण पूर म्हणजे नशीब नव्हे, हे सरकारी फायलीत बसून सांगणारा माणूस आपला होता.

आता तो तिसरा शब्द. रेझिलियन्स. धक्का खाऊन पुन्हा उभं राहायची ताकद. २०१५ ला जपानात सेंदाईला देश जमले, २०३० पर्यंतचा करार केला, त्यात हा शब्द जागोजागी आहे. शास्त्रात त्याचा अर्थ वाईट नाही. पण तो आपल्यावर कसा वापरतात ते बघा. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं कामाला निघाली आणि पेपरवाले म्हणाले, वा, मुंबईचं स्पिरिट! अरे च्यायला, स्पिरिट कसलं? रोजंदार घरी बसला तर चूल पेटत नाही. पोटाला तुम्ही चिवटपणा म्हणता.

गोदीतली गोष्ट सांगतो. आमच्याकडं प्रत्येक हूकवर, साखळीवर, क्रेनवर एक आकडा ठोकलेला असतो. एस.डब्ल्यू.एल. एवढ्या टनांपर्यंत सुरक्षित. साखळी ठरलेल्या मुदतीत तपासायची, दाखला ठेवायचा. समजा साखळी तुटली. कुणी म्हणतं का, साखळी कमी चिवट होती, तिला समुपदेशन द्या? पहिल्यांदा विचारतात, जास्त लादलं कुणी? मुकादमाला धरतात. आणि वस्ती तुटली की वस्तीलाच विचारतात, तुम्ही तयारी का केली नाही? साखळीला विचारतात, पाठीला नाही. माझ्या पाठीवर आकडा कुठं ठोकलाय? बहिणीला मी म्हटलं, जा, शिक, आणि त्या शब्दाला हा प्रश्न विचार. ती म्हणाली, दादा, हा प्रश्न तिथल्या पुस्तकांत आधीच विचारलेला आहे, भांडण चालू आहे. मग तर गेलंच पाहिजे. भांडण चालू आहे आणि आपण बाहेर उभे!

आपल्यातले काही कॉम्रेड म्हणतात, असल्या पदव्या घेऊन पोरं एन.जी.ओ.त जातात, दलाल होतात, लॅपटॉप घेऊन आपल्याच वस्तीची पाहणी करायला येतात. होतात काही. मी नाव घेत नाही, एक-दोन इथंच बसलेत. (हशा.) पण मग डॉक्टर, वकील, प्राध्यापक दलाल होत नाहीत का? दरवाजा बंद ठेवायचा हा उपाय नाही. फीचा प्रश्न मात्र खरा आहे. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आणि फी आधी, हे सगळ्यांना माहीत आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटच्या पोरापोरींनी संप केला तो यावरच, शिष्यवृत्तीवाल्या एस.सी., एस.टी. विद्यार्थ्यांची वसतिगृहाची आणि जेवणाची सवलत काढली म्हणून. तेव्हा आपल्यातले किती जण त्या फाटकावर गेलो होतो? मी तेव्हा पोरगा होतो, पण मोठे?

आणि मी का बदललो ते राहिलंच. गेल्या पावसाळ्यात एका खाजगी यार्डात ड्रम ओढत होतो. भर पावसात. ड्रमवर निळं चौकोनी लेबल, टोकावर उभं, आत ज्वाळेचं चित्र, आणि चार आकडे, १४०२. मुकादम म्हणाला, पावडर आहे, ओढा. एका ड्रमचं झाकण ठेचलेलं होतं, बाजूला लसणासारखा वास. मी कवितेच्या वहीत तो नंबर लिहून घेतला, का ते माहीत नाही, आकडा आवडला असेल. रात्री बहिणीला दाखवला. तिनं शोधलं आणि गप्प झाली. कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, आणि त्याला ठिणगी पुरते. निळ्या लेबलाचा अर्थच, ओलं करू नका. आम्ही आठ जण, त्यातला एक बिडी ओढत होता.

दुसऱ्या दिवशी टोळीनं ड्रम ओढायला नकार दिला. छप्पर घालून घेतलं, ताडपत्री आली. आमची दोन दिवसांची मजुरी कापली, ती अजून मिळाली नाही, आणि मला तिथं पुन्हा बोलावलं नाही. पण आठही जण जिवंत आहेत.

बैरूतचं तुम्ही मोबाईलवर बघितलं असेल. ४ ऑगस्ट २०२०. गोदीच्या १२ नंबरच्या शेडमध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून, २०१३ ला एका जहाजातून आलेलं. कागद फिरत होते, कळवलं होतं, उत्तर आलं नाही. आग लागली तेव्हा दहा जणांचं अग्निशमन पथक गेलं, दहाही मेले. आत काय आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. दोनशेच्या वर माणसं गेली. मग आपल्याकडं धावपळ झाली, तर चेन्नईजवळ मनालीच्या यार्डात तसलंच सुमारे सातशे टन निघालं. हॅलिफॅक्स १९१७, मुंबई १९४४, बैरूत २०२०. दर वेळी आत काय आहे हे कुणाला तरी माहीत होतं, आणि ज्याच्या हातात दोर किंवा पाण्याचा पाइप होता त्याला सांगितलं नाही.

बहिणीला प्रबंध कशावर करायचाय ते सांगतो आणि बसतो. गोदीच्या स्फोटातल्या त्या पाचशेंवर. शहरात अजून ऐंशी-पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी आईच्या तोंडून ऐकलंय. पाच वर्षांनी नसतील. प्रवेश मिळेल न मिळेल, मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. ती म्हणते, नावं आत्ताच गोळा करायला पाहिजेत, पदवी थांबू शकते. म्हणून या रविवारपासून ती इथंच, या वाचनालयात, दुपारी चारनंतर वही घेऊन बसणार. तुमच्या घरी कुणी सांगणारं असेल तर घेऊन या. नाव, गाव, कुठल्या डॉकला, कुठल्या मुकादमाच्या हाताखाली, त्या दिवशी डब्यात काय नेलं होतं, जे आठवेल ते. जिना चढवत नसेल तर आम्ही घरी येतो.

पहिल्या पानावर एक नाव लिहून झालंय. आजीनं सांगितलं, तीनदा विचारून घेतलं की ऱ्हस्व की दीर्घ. तिला लिहिता येत नाही, पण तिला ते बरोबर पाहिजे होतं.

वही समोरच्या टेबलावर आहे. चहा खाली आलाय म्हणतात, पण आधी वही बघा.